एमजीबीमध्ये व्ही-८ बसवण्यापूर्वी

कॉव्हेंट्री,
२ नोव्हेंबर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या १९७२ च्या एमजीबी जीटीमध्ये, म्हणजे एमजी कंपनीच्या त्या स्पोर्ट्स कारमध्ये, रोव्हरचे व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे) इंजिन बसवावे का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर "अवश्य बसव" असेच आहे. परंतु तुला स्वस्तात मिळत असलेले ४.६ लिटरचे इंजिन घेऊ नकोस, आणि बॉडीला करवत लावण्यापूर्वी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

या गाडीत मोठे इंजिन घालण्याचा उद्योग खुद्द कंपनीने १९६७ मध्ये केला होता. एमजीसी नावाच्या त्या गाडीत २९१२ सीसीचे, सहा सिलिंडरांचे, बिडाचे इंजिन होते आणि ते मूळ इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड होते. ते मावावे म्हणून बॉनेटला फुगवटा द्यावा लागला, पुढचे सस्पेन्शन टॉर्शन बारचे (स्प्रिंगऐवजी पीळ घेणाऱ्या दांड्यांचे) करावे लागले, आणि एवढे करूनही वळणावर गाडीचे नाक बाहेर ओढले जाते अशी तक्रार राहिलीच. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली. ताकद कमी पडली म्हणून नव्हे, तर पुढच्या चाकांवरच्या वजनामुळे तिचे नाव खराब झाले, हे तू पक्के ध्यानात ठेव.

रोव्हरचे ३५२८ सीसीचे इंजिन या बाबतीत अगदी निराळे आहे. अमेरिकेत ब्यूकने १९६१ मध्ये आणलेल्या ॲल्युमिनियमच्या व्ही-८ चे हक्क रोव्हरने १९६५ मध्ये घेतले, आणि आठ सिलिंडर असूनही ते एमजीबीच्या १७९८ सीसीच्या बिडाच्या इंजिनापेक्षा किंचित हलकेच भरते. रेसिंग ड्रायव्हर केन कॉस्टेलो यांनी १९७० च्या सुमारास हेच हेरले आणि एमजीबीत ते बसवून विकायला सुरुवात केली. त्यानंतर १९७३ मध्ये कंपनीने स्वतःची जीटी व्ही-८ आणली. १९७६ पर्यंत अशा केवळ २५९१ गाड्या तयार झाल्या. शक्ती १३७ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या मानाने काही फार नाही. पण टॉर्क (चाके फिरवणारा जोर) मूळ गाडीच्या पावणेदोन पट, आणि तोही २९०० आरपीएमलाच मिळतो. चढावर गिअर न बदलता गाडी जी शांतपणे ओढत जाते, त्या सुखासाठी हा सारा खटाटोप करावा असे मला मनापासून वाटते.

कॉस्टेलोंच्या गाडीच्या बॉनेटवर फुगवटा होता. कंपनीने मात्र खास मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेली नळ्यांची जुळणी) करून दोन्ही एसयू कार्बुरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला, बल्कहेडजवळ (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ) नेले आणि बॉनेट जसेच्या तसे ठेवले. मला कंपनीची रीत अधिक आवडते. आमच्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये अशा गाडीवर मी काम केले, तेव्हा खरी अडचण वर नव्हे, तर बाजूंना आहे हे दिसले: उजवीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यात जेमतेम बोट शिरेल एवढीच जागा होती. ऑइल फिल्टर इंजिनापासून दूर न्यावा लागतो, रेडिएटर मोठा लागतो आणि त्याला विजेचे दोन पंखे लागतात. ब्रेक तर आधी बदल, इंजिन मागाहून. जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर यांत काटकसर करू नकोस. मागचा ३.९ गुणोत्तराचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना गती देणारी गिअरपेटी) तसाच ठेवलास तर मोटरवेवर इंजिन उगाच ओरडत राहील, कंपनीने ३.०७ वापरला होता, तोच शोध.

४.६ लिटरला माझा विरोध एवढ्यासाठी की, त्या मोठ्या क्षमतेच्या इंजिनांत लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) मागे ब्लॉकला तडे जाण्याचा दोष पुष्कळदा आढळतो. ३.५ लिटरचे इंजिन घेतानाही रॉकर कव्हर (इंजिनावरचे झाकण) उघडून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नकोस. आत डांबरासारखा काळा गाळ साचला असेल, तर तेल वेळच्या वेळी बदललेले नाही आणि कॅमशाफ्टही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) झिजलेला असणार असे समज. तसेच ॲल्युमिनियमच्या इंजिनात नुसते पाणी कधीही घालू नये. गंजरोधक असलेला अँटीफ्रीझ बारमाही हवा.

आता कागदपत्रांचे. गाडीची मूळ ओळख टिकण्यासाठी डीव्हीएलए (ब्रिटनचे वाहन नोंदणी खाते) २०२५ पर्यंत आठ गुण मागत असे. त्यांत न बदललेल्या मोनोकॉक बॉडीला (वेगळी चॅसी नसलेल्या अखंड सांगाड्याला) पाच आणि इंजिनाला फक्त एक गुण होता. म्हणजे इंजिन बदलल्याने फारसे बिघडत नसे, पण बॉडी कापली तर मोठाच प्रश्न उभा राहू शकत असे. आता नियम बदलले असले, तरी कापाकापी शक्य तितकी टाळ. नव्या इंजिनाचा क्रमांक आणि क्षमता नोंदवून घे, विमा कंपनीलाही लेखी कळव. सिलिंडरांची संख्या बदलल्यामुळे जुन्या गाड्यांना असलेली एमओटीची (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीची) सूट कदाचित जाईल. जाऊ दे, एवढे बदल केलेली गाडी दरवर्षी तपासून घेतलेलीच बरी.

इंजिन बेचे फोटो दोन्ही बाजूंनी काढून पाठव. इनर विंगला (इंजिन बेच्या बाजूच्या आतल्या पत्र्याला) किती ठोकावे लागेल, ते पाहून कळवतो. इंजिन पाहायला जाशील तेव्हा मला आधी सांग, मी बरोबर येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत