पिशाचाच्या आडून

महोदय,
जुन्या भयपटांत समलिंगी छटा शोधणे म्हणजे ओढूनताणून अर्थ लावणे, असे म्हणणाऱ्यांनी १९३६चा ‘ड्रॅक्युलाज डॉटर’ बघावा. आपल्या रक्ताच्या ओढीवर इलाज मागायला त्यातली नायिका, म्हणजे ड्रॅक्युलाची पिशाच मुलगी असलेली काउंटेस, मानसोपचारतज्ज्ञाला गाठते. तो म्हणतो, मोहाला सामोरी जा. (धन्य तो डॉक्टर!) मग चित्रासाठी मॉडेल हवी म्हणून रस्त्यावरची मुलगी घरी आणली जाते. काउंटेस तिला खांदे उघडे करायला लावते आणि टक लावून बघत राहते. यात ओढूनताणून काय आहे? १९३४पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली होती. समलैंगिकता उघड दाखवायची सोय नव्हती, म्हणून ती पिशाचांच्या आडून आली. त्याच काळातल्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ या भयपटाचा दिग्दर्शक जेम्स व्हेल तर स्वतः समलिंगी होता. खटकते ते वेगळेच. काउंटेसच्या वाट्याला शेवटी लाकडी बाणाने मरणच येते.

– एक वाचक, पुणे