लोहगावला येऊ नका, रविवार मोकळा ठेवा

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या डिसेंबरातल्या येण्याचा विषय निघाला की आई जेवणात काय करू ते विचारते, बाबा "बघू तेव्हा" म्हणतात आणि सगळं तिथेच राहतं. म्हणून या वेळी लिहून पाठवते आहे. दोघांनी वाचा आणि कागद फ्रिजवर लावून ठेवा.

डिसेंबरची कॉन्फरन्स पक्की झाली. आयुकात, म्हणजे विद्यापीठातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे, गुरुवारी सकाळी सुरू होऊन शनिवारी दुपारच्या जेवणाला संपेल. आयोजक मला शनिवारी संध्याकाळचंच परतीचं तिकीट देत होते. मी ते सोमवार दुपारचं करून घेतलं, भाड्यातला फरक मी भरला. त्याच आठवड्यात सवाई गंधर्व संगीत महोत्सव, आपलं सवाई, आहे, आणि या वर्षी बाबांना घेऊन जायचंच असं मी मनाशी ठरवलं आहे.

आधी बुधवारच्या रात्रीचं बोलते. बेंगळुरूचं विमान साडेदहाच्या सुमाराला पुण्यात, लोहगावच्या विमानतळावर उतरतं. पण डिसेंबरात उत्तरेकडे धुकं असलं की तिकडून फिरून येणारी विमानं रखडतात आणि त्याचा फटका आपल्याकडच्या रात्रीच्या विमानांनाही बसतो. बाबा, तुम्ही घ्यायला येऊ नका. जुलै 2024 मध्ये नवं टर्मिनल सुरू झाल्यापासून तिथली सगळी रचना बदलली आहे. ॲपवरून बोलावलेल्या गाड्या दारात येत नाहीत, त्यासाठी एरोमॉलच्या पार्किंगमध्ये जावं लागतं. तिथून मी माझी गाडी करीन. तुम्ही मफलर गुंडाळून बाहेर उभे आहात हे माहीत असलं की पट्ट्यावर बॅग येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

आणि आई, त्या रात्री मी घरी येणार नाही, थेट आयुकाच्या गेस्ट हाउसवर जाईन. गावात येऊन मुलगी घरी आली नाही हे तुला लागेल, म्हणूनच नीट कारण सांगते. गुरुवारी पहिल्याच सत्रात माझं बोलणं आहे, आणि सदाशिव पेठेतून सकाळी विद्यापीठात वेळेवर पोहोचायचं तर गणेशखिंड रस्त्याचा भरवसा नाही. शिवाय मी बाराला आले तर तू भाकरी गरम करायला जागी राहणार, बाबाही बसून राहणार, आणि दुसरा दिवस तुमचा डोकेदुखीत जाणार. माझ्यासाठी रात्र जागू नका. मला तुमच्याबरोबर शनिवार-रविवार सलग हवे आहेत, दोघंही ताजेतवाने असताना.

शुक्रवारी दुपारी आम्हाला खोडदला नेणार आहेत, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, पहिल्यांदा पाहणाऱ्याने जरूर जावं. मी ते सगळं पाहिलेलं आहे, म्हणून ती दुपार मी मागून घेतली. बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी शुक्रवारी चारची वेळ घ्या. मी परस्पर दवाखान्यात येते. मोतीबिंदूचं डॉक्टर काय म्हणतात ते मला समोर बसून ऐकायचं आहे. जुनी चिठ्ठी आणि चश्म्याचा नंबर बरोबर आणा.

शनिवारी तीनपर्यंत घरी. त्या संध्याकाळी कुठेही जायचं नाही, कुणाला बोलावायचंही नाही. मावशीला फोनवर बोलेन.

आता रविवार. बाबा, रमणबागेत सवाई होतं तेव्हा तुम्ही घोंगडी आणि थर्मास घेऊन चालत निघायचात. रात्रभर बैठक चालायची. मी तुमच्या मांडीवर झोपलेली असायचे, मध्येच जाग आली की तुमची बोटं माझ्या पाठीवर ठेका धरून असायची. विलंबित कसं चालतं ते मला पाठीला आधी कळलं, कानाला नंतर. भीमसेनजींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ हे कसं सुरू केलं ते तुम्ही तेव्हा किती रंगवून सांगायचात! 2018 पासून महोत्सव मुकुंदनगरला गेला आणि तुमचं जाणं हळूहळू बंद झालं. तुम्ही गुडघ्याचं नाव पुढे करता. मला वाटतं, खरी अडचण जाण्यायेण्याची आहे, आणि ती आता सुटली आहे. मंडईहून स्वारगेट हे मेट्रोचं पुढचंच स्टेशन. खाली उतरायला लिफ्ट आहे. स्वारगेटहून मुकुंदनगरला रिक्षा करू. येताना रात्री रिक्षाने थेट घरी. दुपारी सुरू होतं म्हणून दिवसभर बसलंच पाहिजे असं नाही. एकच गायन मन लावून ऐकलं आणि निघालो, तरी मला पुरे आहे. खुर्चीची तिकिटं मिळाली तर तीच घेऊ, खाली बसायचा आग्रह धरू नका.

सोमवारचं विमान दुपारी दीडचं आहे. काउंटर तासभर आधी बंद होतं, म्हणून मला साडेअकराला आत असायचं आहे. सोडायला यायचंच असेल तर मेट्रोने रामवाडीपर्यंत या, तिथून मी रिक्षाने पुढे जाईन. साडेनऊला घर सोडू. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलावी लागते. आपली गाडी जमिनीखाली बरीच खोल असते आणि रामवाडीची वर पुलावर, त्यामुळे सरकत्या जिन्यांच्या नादी न लागता लिफ्टच धरायची, वेळ लागला तरी चालेल. परत येताना वनाझकडे जाणारी गाडी पकडून जिल्हा न्यायालयालाच उतरायचं आणि स्वारगेटची गाडी घ्यायची. रविवारी जाताना मेट्रोची सवय होईलच.

आई, सामानाचं आत्ताच सांगते. डिंकाचे लाडू खुशाल दे, डबा हातातल्या बॅगेत ठेवीन. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत चालत नाही, ती मोठ्या बॅगेत जाईल, तेव्हा झाकणाखाली प्लास्टिक लावून वरून घट्ट बांध. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र ठेवू नकोस. त्यात तेल असतं, पेट घेण्याची भीती म्हणून मोठ्या बॅगेत त्यांना मनाई आहे. लाडवात किसून घातलेलं तेवढं पुरे. मोठ्या बॅगेला पंधरा किलोची मर्यादा आहे आणि माझे कपडे थोडेच असतील, म्हणजे तुला बराच वाव आहे.

रविवारी तू येणार आहेस ना? तुला गर्दी नकोशी होते हे मला माहीत आहे, पण तू आलीस तर बाबा निघतील, नाहीतर ऐन वेळी "तुम्ही दोघी गप्पा मारा" म्हणून घरीच बसतील. गुरुवारपर्यंत फोन करून सांग, म्हणजे सवाईची तिकिटं दोन काढू की तीन ते मला ठरवता येईल.

तुमची,
मनू