झोपेबद्दल विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, परसात लहान मुलं दिसायची. कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे वय झालं. भास थांबावेत म्हणून एका ठिकाणी हॅलोपेरिडॉल सुरू झालं आणि चालता-बोलता माणूस ताठ होऊन अंथरुणाला खिळला, घास गिळवेना. तुम्ही आधी ती गोळी बंद केलीत. मग मला सोडून आईला विचारलंत, "झोपेत हातपाय झाडतात का हो?"

"कितीतरी वर्षं! मला लाथसुद्धा बसलीय," आई म्हणाली. तोवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. या आजाराची ही खूण विसरभोळेपणाच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकते, हे आम्हाला कुठलं ठाऊक!

आजाराचं नाव निघालं लेवी बॉडी डिमेन्शिया, स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार. केस पेपरच्या पाठीवर चित्र काढून तुम्ही सांगितलंत: अल्फा-सायन्यूक्लीन हे प्रथिन सगळ्यांच्याच मेंदूत असतं, चेतापेशी एकमेकींना निरोप देतात त्या जागी. त्याची घडी चुकली की ते एकमेकांना चिकटतं, पेशीत गोळे साठतात, आणि चुकलेला रेणू शेजारच्या चांगल्यालाही तसाच दुमडायला लावतो. ज्यांचं नाव या आजाराला आहे त्या डॉक्टर फ्रिट्झ लेवींनी हे गोळे 1912 साली पाहिले. ते या प्रथिनाचे आहेत हे कळायला 1997 उजाडलं. अल्झायमरमधली प्रथिनं वेगळी, अमायलॉइड आणि टाऊ. पण बऱ्याच जणांत दोन्हींची सरमिसळ असते, म्हणून निदान चकवतं.

काकूने भीतभीत विचारलं, "त्यांचं उष्टं खाल्लं तर?" तुम्ही हसला नाहीत. "नाही लागत," एवढंच म्हणालात. अण्णांचं वेगळं काढलेलं ताट त्याच संध्याकाळी मांडणीवर परत आलं.

खोटी आशाही दाखवली नाहीत. ते गोळे विरघळवणारं औषध आज नाही, रिव्हास्टिग्मिनने भास आणि गोंधळ थोडा आवरतो, पक्की खात्री मात्र मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. हे आईसमोर बोलायला धीर लागतो.

आणि फाइलवर लाल शाईने लिहिलंत: हॅलोपेरिडॉल देऊ नये. पावसाळ्यात अण्णा तापात बरळू लागले, तेव्हा दुसऱ्या दवाखान्यात ड्यूटीवरचा डॉक्टर तेच इंजेक्शन भरत होता. मी फाइल पुढे केली. त्याने वाचलं, हात थांबवला आणि तुमचा नंबर मागितला. अपरात्री तुम्ही तो फोन उचललात, त्याचेही आभार.

आपला,
अण्णांचा मुलगा, तासगाव