आरओनंतर पाण्यात उरते काय?

‘उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या’ हा पुरवणीतील लेख वाचला. सल्ला योग्यच, पण कोणते पाणी, हे त्यात आले नाही. भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. आमच्या नळाचे, म्हणजे गंगापूर धरणाचे पाणी क्षार मोजणाऱ्या मीटरवर 140 दाखवते, आरओनंतर (म्हणजे घरच्या शुद्धीकरण यंत्राच्या सूक्ष्म पडद्यातून गेल्यावर) 18! जंतूंबरोबर कॅल्शियम-मॅग्नेशियमही गेले, शिवाय यंत्राने टाकून दिलेले बादलीभर पाणी मोरीत. 500 पेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओवर बंदी घाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितले होते. (विक्रेता हे कशाला सांगेल!) ही खनिजे मुख्यतः अन्नातून मिळतात, हे मान्य. पण नाचणी-तीळ आवर्जून खायचे आणि पाण्यातले कॅल्शियम पैसे मोजून काढायचे, हे कोणते गणित? बोअरच्या खाऱ्या पाण्याला आरओ जरूर लावावा. महापालिकेचे पाणी गाळून, उकळून घेतले तरी पुरते.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक