चिकटवलेला घोटा आणि न जुळणारा क्रमांक: चुन-लीच्या स्टॅच्यूबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

कोथरूड, पुणे ४११ ०३८
दि. १८ जून २०२५

विषय: नवीन म्हणून विकलेला, प्रत्यक्षात मोडून जोडलेला स्टॅच्यू, पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मी 'स्ट्रीट फायटर' या मारामारीच्या व्हिडिओ गेममधल्या चुन-ली या लढवय्या बाईचा १/४ स्केलचा (मूळ मापाच्या चौथाई) पॉलिस्टोन स्टॅच्यू प्री-ऑर्डर केला होता. किंमत ४२,५०० रुपये, सगळी आगाऊ भरलेली. ५०० नगांची मर्यादित आवृत्ती, नवाकोरा, फॅक्टरी सील्ड, असे आपल्या पानावर लिहिले आहे. २ जूनला पार्सल घरी आले. आत निघालेला स्टॅच्यू नवाकोरा नाही. तो आधी कुणाकडे तरी जाऊन आलेला आहे, मोडलेला आहे आणि चिकटवून पुन्हा खोक्यात भरलेला आहे. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. वस्तू समोर ठेवून लिहिते आहे.

या पोजमध्ये चुन-लीने एक पाय लाथेसाठी वर उचलला आहे, म्हणजे सगळा भार डाव्या घोट्यावर. पॉलिस्टोन म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पूड. त्यात बारकावे छान उतरतात, हातात घेतल्यावर वजन जाणवते, पण ते ठिसूळ असते. पीव्हीसीची, म्हणजे प्लॅस्टिकची, फिगर उन्हाळ्यात फार तर एका बाजूला कलते; पॉलिस्टोन वाकत नाही, सरळ तुटते. डाव्या पायातल्या पांढऱ्या बुटाच्या जरा वर, घोट्याभोवती केसाएवढी रेघ आहे. पूर्ण गोल. रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढुरका धूसर डाग आहे. फेव्हीक्विक वाळल्यावर आजूबाजूला जी राख बसल्यासारखी दिसते, तोच. त्यावरून तपकिरी रंगाचा हात मारला आहे, पण तो बाकीच्या पायमोज्यापेक्षा गडद आहे आणि चकाकतो; मूळचा रंग मॅट आहे. मागच्या बाजूला त्या गोंदात थर्माकोलचा एक दाणा अडकला आहे, अर्धा रंगाखाली गेलेला. नखाने निघत नाही. म्हणजे गोंद आणि रंग ओले असतानाच कुणीतरी हा स्टॅच्यू थर्माकोलमध्ये झोपवला.

माझ्या तक्रारीच्या मेलला आपल्या ग्राहक सेवेने उत्तरात लिहिले आहे की नुकसान वाहतुकीत झाले असावे, सबब कुरिअर कंपनीकडे दाद मागावी. कुरिअरच्या आदळआपटीत घोटा मोडेल, मान्य. तो चिकटेल कसा? आणि त्यावर रंग कोण देईल?

आता क्रमांक. बाहेरच्या खोक्यावरच्या स्टिकरवर १८७/५०० आहे. आतल्या प्रमाणपत्रावरही १८७. बेसच्या तळाशी, जिथे नंबर कोरलेला असतो, तिथे ३१२/५०० आहे. हा छपाईदोष असू शकतो, असे आपले म्हणणे. स्टिकर आणि कागद एकमेकांशी जुळतात आणि फक्त वस्तू जुळत नाही, हा कुठला छपाईदोष? मर्यादित आवृत्तीत स्टॅच्यू, खोके आणि प्रमाणपत्र या तिन्हींवर एकच आकडा लागतो; एक जरी वेगळा निघाला तर जाणकार संग्राहक पुढे ती वस्तू हातात घेत नाही. त्याच आकड्याचे आपण माझ्याकडून जास्तीचे पैसे घेतले आहेत. शिवाय १८७ क्रमांकाचा स्टॅच्यू कुठे आहे आणि ३१२चे प्रमाणपत्र कुणाच्या कपाटात आहे, हे दोन प्रश्न उरतातच. त्या दुसऱ्या गृहस्थांनाही आपल्याला कधीतरी उत्तर द्यावे लागेल.

अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नसल्यास तक्रार ग्राह्य धरता येणार नाही, असेही आपण कळवलेत. व्हिडिओ आहे. आपल्या नियमांत लिहिले होते म्हणूनच भाचीला मोबाइल धरून उभे केले होते. मी तो पहिल्याच मेलला जोडला होता, तो उघडून पाहण्याची तसदी कुणी घेतलेली दिसत नाही. त्यात आतल्या रंगीत खोक्याची चिकटपट्टी सोडवताना तिच्याखाली आधी कापलेली दुसरी पट्टी स्पष्ट दिसते. उजव्या मनगटातल्या कड्याचे दोन काटे तुटलेले आहेत, तेही त्यात आहे. तुटलेले तुकडे मात्र खोक्यात कुठेच नाहीत. खोके झटकून पाहिले, थर्माकोलचे खाचखळगे चाचपले. वाटेत तुटले असते तर तुकडे आतच राहिले असते.

आणि आपल्या उत्तरातले 'किरकोळ रंगफरक हा दोष मानला जात नाही' हे वाक्य. रंग बदलून वेगळी वस्तू म्हणून पुढे करण्याची युक्ती 'मॉर्टल कॉम्बॅट' या दुसऱ्या व्हिडिओ गेमवाल्यांनी १९९२ मध्ये केली होती: पिवळा घातला की स्कॉर्पियन नावाचा लढवय्या, निळा घातला की सब-झीरो नावाचा, पोशाख तोच. त्यांनी निदान दोघांना वेगवेगळी नावे तरी दिली. आपण मोडक्याला रंग लावून नाव 'नवीन' तेवढे कायम ठेवलेत. गणपतीची भंगलेली मूर्ती चिकटवून नवी म्हणून विकणारा कारखानदार मला पुण्यात अजून भेटलेला नाही.

आपल्या उत्तराच्या सुरुवातीबद्दलही लिहिते, कारण ती मनाला लागली. 'प्रिय सर, आपल्या मुलाच्या खेळण्याबाबत झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' बिलावर माझे नाव आहे, त्यावरून मी सर नाही हे कळायला हरकत नव्हती. आणि खेळणे माझ्या मुलाचे नाही, त्याला क्रिकेटपलीकडे काही सुचत नाही. संग्रह माझा आहे. १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'मध्ये निवडायला आठ जण असायचे: र्यू, केन, होंडा, ब्लांका, गाईल, झँगीफ, आपला योगी धालसिम आणि चुन-ली. आठांत बाई एकच. डेक्कनच्या व्हिडिओ पार्लरमध्ये शाळकरी मुलांच्या घोळक्यात मी एकटी मुलगी तिला घेऊन खेळायचे. तिच्या भराभर लाथांपुढे पोरे कोपऱ्यात अडकली की मशीनवर हात आपटायची. निळा पोशाख, केसांच्या दोन गोंड्यांवरची पांढरी आवरणे, मनगटातली काटेरी कडी हे सगळे मला पाठ आहे, त्यामुळे कड्याला किती काटे हवेत हे मला कॅटलॉगमध्ये बघावे लागत नाही. घरच्या काचेच्या कपाटात र्यू आणि धालसिम आधीच उभे आहेत. त्यांच्या शेजारची जागा हिच्यासाठी राखली होती. पण गोंदाच्या भरवशावर असलेला इतका जड स्टॅच्यू मी काचेच्या फळीवर ठेवणार नाही. तो सध्या खोक्यातच, जमिनीवर आहे.

पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलतीचे कुपन आपण देऊ केले आहे. ते मी नाकारते आहे. बदली स्टॅच्यू 'उपलब्धतेनुसार' देऊ, असेही म्हटले आहे. पण आपल्याच पानावर ही आवृत्ती संपल्याचे लिहिले आहे. मग बदली येणार ती आणखी कुणीतरी परत केलेलीच, नाही का?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० आपल्याला माहीत असतीलच. सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार मिळाल्याची पोच तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. माझ्या पहिल्या मेलची पोच आजतागायत नाही. जे आले ते साच्यातले उत्तर. नियम व अटींत 'न्यायालयीन कार्यक्षेत्र' म्हणून आपण आपले शहर घातले आहे, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे मला पुण्याबाहेर पडायचे कारण नाही, आणि या रकमेसाठी तिथे शुल्कही नाही.

माझी मागणी अशी. ४२,५०० रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात पूर्ण परत करावेत. वॉलेट, क्रेडिट पॉइंट वगैरे चालणार नाही. स्टॅच्यू आपल्या खर्चाने, आपल्या माणसाने घरी येऊन, माझ्यासमोर पॅक करून न्यावा. मी स्वतः पॅक करून पाठवणार नाही, नाहीतर पुढच्या पत्रात घोटा मी मोडला असे वाचायला मिळेल. नेताना घोट्याची सद्यस्थिती आणि तळाचा ३१२ हा क्रमांक लिहिलेली पोचपावती सहीशिक्क्यासह द्यावी. आणि १८७च्या खोक्यात ३१२ कसा गेला, याचा लेखी खुलासा आपल्या गोदामाकडून घेऊन मला पाठवावा. साच्यातले उत्तर पुन्हा आले तर ते मी जिल्हा आयोगाकडच्या तक्रारीला जोडेन.

फोनवर बोलायचे असल्यास संध्याकाळी सातनंतर करावा, दिवसा मी ऑफिसात असते. बिल, व्हिडिओ आणि घोटा, कडे व तळाचे जवळून काढलेले फोटो या पत्रासोबत पुन्हा जोडत आहे. व्हिडिओत चिकटपट्टीचा भाग सुरुवातीलाच आहे, तेवढा तरी बघावा.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)
नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक जोडलेल्या बिलाप्रमाणे