गिन्नीतलं तांबं म्हणजे भेसळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या अंकात जुन्या सोन्याबद्दल मजकूर आला, त्यात 'हलक्या कसाच्या नाण्यांत तांब्याची भेसळ असते' असं वाक्य होतं. ते कात्रण आमच्या तालुक्याच्या गावी एका सराफाने काउंटरच्या काचेखाली लावलं आहे. त्याचा फटका मला बसला, म्हणून हे पत्र.

पेरणी तोंडावर आलेली, बियाण्याखताची सोय व्हायची होती. आजीच्या डब्यातली गिन्नी, म्हणजे ब्रिटिश काळातलं सोन्याचं नाणं, घेऊन गेलो. 1918 ची, मुंबईत पाडलेली. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि त्याच्याखाली भिंगातूनच दिसेल असं 'आय' हे इंग्रजी अक्षर. सराफाने कसोटीवर रेघ ओढली, तेजाबाचा थेंब सोडला आणि मान हलवली. "सर, लाल सोनं हाये हे. तांबं लय हाये याच्यात. वीस कॅरेटच धरा लागते." मग काचेखालच्या कात्रणावर बोट ठेवलं.

तांबं आहेच. गिन्नी 22 कॅरेटची असते: 7.988 ग्रॅम वजनात 7.322 ग्रॅम शुद्ध सोनं आणि बाकी मुख्यतः तांबं. ते कोणी चोरून घातलेलं नाही, टांकसाळीने कायद्याने ठरवून घातलं. निखळ सोनं मऊ, हातोहात फिरून राजाचं नाकडोळं लवकरच पुसलं गेलं असतं. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा लहान. तो मध्ये बसला की सोन्याचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत, नाणं टणक होतं. चांदीचा अणू जवळपास सोन्याएवढाच, त्यामुळे तिने तेवढा टणकपणा येत नाही. (फळा असता तर काढून दाखवलं असतं, सवय जात नाही.)

राहिला रंग. सिडनीच्या टांकसाळीच्या सुरुवातीच्या गिन्न्यांत तांब्याऐवजी चांदी होती, त्या फिकट पिवळ्या दिसतात. दक्षिण आफ्रिकेचं 1967 पासूनचं क्रूगररँड हे सोन्याचं नाणं तांब्यामुळे लालसर. सोन्याचं प्रमाण मात्र तिन्हींत तेच, 22 कॅरेट. म्हणून कसोटीवर तुलना करायची तर तांबं मिसळलेल्या, कस ठाऊक असलेल्या सोन्याच्या सळीशीच करावी लागते. चांदी मिसळलेल्या पिवळ्या सळीशेजारी गिन्नीची रेघ ठेवली तर ती लालच दिसणार.

माझी गिन्नी झिजून 7.96 ग्रॅम भरली. 22 कॅरेटने सोनं 7.30 ग्रॅम, वीसने 6.63. म्हणजे केवळ रंगावरून अर्ध्या ग्रॅमहून जास्त सोनं गेलं असतं. आजच्या भावात ती रक्कम थोडीथोडकी नाही. "गाळून पाहू," असंही सराफ म्हणाला. गाळल्यावर नाणं कुठलं राहणार? कस मोजायच्या मशीनवर माझ्यासमोर तपासा म्हटलं, तर ते जिल्ह्याच्या गावी आहे म्हणाला.

खरी फसवणूक वेगळीच असते. नांगरताना हंडा सापडला म्हणून पितळी गिन्न्या विकणारे आपल्या भागात फिरतात. तिथे तेजाबाआधी तराजू कामाला येतो. अस्सल गिन्नीएवढंच लांबरुंद आणि जाड पितळी नाणं चार ग्रॅमही भरत नाही. हे छापलं असतं तर चार घरं वाचली असती.

विनंती दोनच. 'भेसळ' हा शब्द मागे घेऊन खुलासा छापावा, सराफाला दाखवायला कात्रण मलाही हवंच आहे. आणि रोजच्या भावाच्या चौकटीत 24 कॅरेटशेजारी 22 आणि 18 चाही प्रतिग्रॅम भाव द्यावा. गावात लोकांकडे असतं ते हेच सोनं, आणि मोडायला गेल्यावर 24 चा भाव पाहून नुसताच गोंधळ होतो.

गिन्नी परत डब्यात गेली. बियाणं या खेपेला उधारीवर आणलं.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ