कौतुक नको, विचारपूस तरी

संपादक महोदय,

दहावी-बारावीच्या परीक्षा आणि निकाल आले की समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक प्रसिद्ध होतात आणि अपयश आलेल्या मुलाशी घरच्यांनी कसे बोलावे, याविषयी बरेच लिहिले जाते. ते आवश्यकच आहे. मात्र ज्याला चांगले गुण मिळाले त्याच्याशी घरात काय बोलले जाते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नव्वद टक्के मिळवलेल्या मुलीला ‘उरलेले दहा कुठे गेले?’ असे विचारणारे पालक दुष्ट नसतात. पुष्कळदा तेच तासाभराने नातेवाइकांना फोन करून तिचे तोंडभर कौतुक करत असतात. ते तिच्या कानावर पडले तर ती शेफारेल, एवढीच त्यांची प्रामाणिक भीती असते.

माझ्या मते, नात्यात आपलेपणा राहतो की दुरावा येतो हे आनंदाच्या बातमीला काय उत्तर मिळते यावर बरेच अवलंबून असते, आणि नेमके तिथेच आपण हात आखडता घेतो. आजारपणात किंवा मयताच्या प्रसंगी आपली माणसे धावून येतात, डबे पोहोचवतात, रात्रभर रुग्णालयात बसतात. त्याच घरात सुनेने बढती मिळाल्याचे सांगितले तर काय ऐकू येते? मोबाइलवरची नजर न काढता उच्चारलेले ‘छान’. किंवा ‘म्हणजे आता घरी यायला आणखी उशीर’. नाहीतर बातमी कानावर आलीच नाही अशा थाटात ‘गॅसवरचे दूध बघ’. ‘अरे वा! कधी कळले? साहेब काय म्हणाले?’ असे विचारणारा क्वचितच भेटतो.

हे चार प्रकार मी मनाने केलेले नाहीत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जोडीदाराच्या प्रतिसादांची अशीच चार गटांत विभागणी केली होती. जिव्हाळा आणि समाधान यांच्याशी जोडलेला आढळला तो एकच प्रतिसाद, उत्साहाने विचारपूस करण्याचा. बाकीचे तिन्ही, अगदी ते सौम्य ‘छान’सुद्धा, उलट्या बाजूला गेले. गेबल यांच्याच 2006 च्या आणखी एका अभ्यासात तर असे दिसले की, संकटाच्या वेळी मिळालेल्या प्रतिसादापेक्षा आनंदाच्या वेळी मिळालेल्या प्रतिसादाचा नात्याच्या स्वास्थ्याशी अधिक निकटचा संबंध होता. हे निष्कर्ष तिकडच्या जोडप्यांचे आहेत, आपल्या भरल्या घरांचे नाहीत, हे मान्य; पण आपल्याकडे ऐकणारे कान जास्त असताना ऐकून घेणारा एकही नसावा, हे अधिक बोचणारे आहे.

उपेक्षेसाठी बातमी मोठी असावी लागते असेही नाही. अमेरिकेतीलच मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचे साधे बोलणे चित्रित करून सहा वर्षांनी त्यांचा मागोवा घेतला. लग्न टिकलेल्यांनी जोडीदाराच्या बारीकसारीक बोलण्याला सरासरी 86 टक्के वेळा दाद दिली होती, विभक्त झालेल्यांनी 33 टक्के वेळा. आपल्याकडे सकाळी वर्तमानपत्रातील एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखवणारे आजोबा आठवून पाहावेत. ‘वाचलंय मी’ हे मुलाचे उत्तर खरे असते, त्यात उद्धटपणाही नसतो. तरी ते काही महिने ऐकल्यावर आजोबा मनातल्या मनात वाचू लागतात आणि पुढे ‘बाबा हल्ली बोलतच नाहीत’ अशी तक्रार तोच मुलगा डॉक्टरांकडे करतो.

‘शेफारेल’ या भीतीविषयी एवढेच म्हणायचे आहे की, वर सांगितलेल्या उत्साही प्रतिसादात स्तुती फारशी नसतेच, प्रश्न असतात. ‘कोणता पेपर अवघड गेला होता?’, ‘गणिताची तयारी कशी केलीस?’ असे विचारल्याने कोणतेही मूल डोक्यावर बसत नाही. डोळे झाकून केलेल्या वाहवेचा मलाही तिटकारा आहे. मुलांनाही तिच्यातला पोकळपणा चटकन कळतो.

म्हणून विनंती अशी की, निकालाच्या दिवशी समुपदेशकांच्या क्रमांकांशेजारी आपल्या दैनिकाने एक छोटी चौकट उत्तीर्ण मुलांच्या पालकांसाठीही छापावी आणि टक्क्यांचा आकडा ऐकल्यावर मुलांना पुढचा प्रश्न कोणता विचारता येईल, याची चार-पाच उदाहरणे तीत द्यावीत.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली